भूमिहीनांचे दादासाहेब

(द्वितीय वर्ष, कला)

कर्मवीर भाऊराव म्हटले की कोणाचीही नजर साताऱ्याकडे वळते. रयत शिक्षण संस्था, वसतिगृहे, कमवा आणि शिका. यंदाच्या अंकासाठी थोर व्यक्तींवर लेख हवेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मी आमच्या सरांकडे जाऊन कर्मवीर भाऊरावांवर लिहीन असे सांगितले. सरांनाही पाटीलच वाटले. मी गायकवाड म्हणाले, तर शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने बडोद्याचे का, असे विचारले. मी तिला हसले नाही. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही त्यांच्याविषयी फारसे काही ठाऊक नव्हते. आमच्या घरातला एक फोटो, एवढीच माझी ओळख.

घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची खोली आहे. भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर, तिच्याखाली बाबासाहेबांची, आणि त्यांच्या बाजूला कधीतरी वर्तमानपत्रातून कापून काचेत बसवलेला एक पिवळा पडलेला कागद. त्यात धोतर नेसलेले एक गृहस्थ दिसतात. लहानपणी मला ते आमचे कोणी नातेवाईक वाटायचे, कारण आजोबा त्यांना दादा म्हणत. ते भाऊराव कृष्णाजी गायकवाड, लोकांचे दादासाहेब. माझे आजोबा वयाच्या विसाव्या वर्षी त्यांच्या शब्दावर तुरुंगात गेले होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, म्हणून आजोबांची अपेक्षा अशी की जे त्यांना वाचता आले नाही ते मी वाचून त्यांना सांगावे. हा लेख त्यातूनच झाला आहे. त्यात काही कमीजास्त असले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

दादासाहेबांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 चा, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, आंबे या गावी. आज दिंडोरी म्हटले की द्राक्षबागा आठवतात. त्या काळी महाराच्या मुलाच्या वाट्याला त्या मातीतले जे येई त्याचे नाव वतन. वतन हा शब्द मला फार मोठा वाटायचा, जहागिरीसारखा. प्रत्यक्षात काय होते? गावाची राखण करायची, सरकारी निरोप घेऊन कोसभर पळायचे, मेलेले ढोर ओढायचे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, आणि त्याबद्दल जमिनीचा एक लहानसा तुकडा. काम रात्री-अपरात्री कधीही, घरचा पुरुष गावात नसला तर बाईने किंवा पोराने करायचे. तुकडा मात्र पिढीगणिक भावांत वाटला जाऊन एवढासा होई की त्यावर एक बैलही पोसू नये. जमीन आहे म्हणायला, आणि त्याच जमिनीने माणूस गावाशी बांधून टाकलेला. दादासाहेबांच्या पुढच्या आयुष्याचा धागा मला इथेच सापडतो. जमीन हवी, पण ती गुलामगिरीच्या बदल्यात नको, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

त्यांचे नाव प्रथम गाजले ते मात्र जमिनीसाठी नव्हे, देवळासाठी. नाशिकच्या पंचवटीत काळ्या दगडात बांधलेले काळाराम मंदिर आहे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव गायकवाड, वय सत्तावीस. मैलभर लांबीची मिरवणूक शिस्तीने मंदिरापाशी आली. दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तेथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी सव्वाशे पुरुष आणि पंचवीस स्त्रियांची पहिली तुकडी चारही दरवाजांवर जाऊन बसली. जवळजवळ महिनाभर मंदिर बंदच राहिले. मग रामनवमी आली. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा असे ठरले होते, पण ऐन वेळी रथ पळवण्यात आला आणि दगडांचा वर्षाव झाला. भास्कर कद्रेकर नावाचा एक तरुण पोलिसांचे कडे तोडून आत घुसला आणि रक्तबंबाळ होऊन कोसळला. बाबासाहेबांनाही इजा झाली.

शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग इथपर्यंत असतो. मला विचाराल तर खरी गोष्ट यानंतर सुरू होते. तो सत्याग्रह एका दिवसाचा नव्हता, एका महिन्याचाही नव्हता. तो 1930 पासून पुढे जवळजवळ पाच वर्षे चालला. बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, परत आले, पुन्हा गेले. नाशिकला राहून रोजचे काम कोणी पाहिले? खेड्यापाड्यांतून तुकड्या बोलवायच्या, आलेल्यांच्या भाकरीची सोय लावायची, जे सत्याग्रहाला आले म्हणून गावात वाळीत पडले त्यांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, कलेक्टरच्या कचेरीत खेपा घालायच्या, पैशांचा हिशेब ठेवायचा. हे चिटणिसाचे काम. त्याचा कोणी पुतळा उभारत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बाबासाहेबांनी भाऊरावांना लिहिलेल्या पत्रांचा संग्रह आहे. पत्रे इंग्रजीत आहेत, म्हणून मला वेळ लागला. ती वाचताना जाणवते की हा नुसता पुढारी आणि अनुयायी यांच्यातला व्यवहार नाही. मोठ्या बेतांच्या जोडीला त्यांत लहानसहान कामे आहेत, आणि ज्याच्यावर काम सोपवून निश्चिंत व्हावे अशा माणसाला लिहिताना येतो तसा मोकळेपणा आहे.

मार्च 1934 च्या एका पत्रात बाबासाहेबांनी सत्याग्रह आता थांबवावा असे सुचवले आहे. मूर्तीची पूजा करायला मिळावी म्हणून हा लढा नव्हताच, दलित समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून तो होता, आणि आता शक्ती राजकारण व शिक्षण यांकडे लावावी, असा त्या पत्राचा आशय. ते पत्र हातात पडले तेव्हा भाऊरावांना काय वाटले असेल याचा मी पुष्कळ विचार केला. चार वर्षे ज्या दारासमोर माणसे बसवली ते दार उघडलेच नाही. पण ते रुसले नाहीत, वेगळा तंबूही ठोकला नाही. पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबर 1935 ला, नाशिक जिल्ह्यातच येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दार उघडण्याची वाट पाहण्याचा काळ तेथे संपला.

1937 साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे दादासाहेब मुंबई कायदेमंडळात निवडून गेले आणि 1946 पर्यंत तेथे होते. त्या वर्षांविषयी मी फार लिहीत नाही. खोती नष्ट करण्याचे बिल बाबासाहेबांनी आणले ते याच कायदेमंडळात. महार वतनाचा प्रश्नही त्यांनी तेथे लावून धरला. वतन कायद्याने नष्ट व्हायला मात्र 1958 साल उजाडावे लागले, आणि त्यातही जमीन आपल्या नावावर करून घ्यायला सरकारात ठरावीक रक्कम भरावी लागे. माझ्या पणजोबांच्या हाती ती रक्कम नव्हती. आमचा तुकडा असा गेला. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. तो होताच केवढासा!

1956 च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि डिसेंबरात बाबासाहेब गेले. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे होते. गावात त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटली नाही, एवढेच त्यांना आठवते. दादासाहेबांच्या खांद्यावर तेव्हा काय येऊन पडले असेल! दोन-तीन महिन्यांत सार्वत्रिक निवडणुका आल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन समितीबरोबर होते, आणि 1957 ला दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली.

आणि लवकरच पक्ष फुटला. हा भाग लिहायला मला जड जाते, पण तो गाळून लिहिले तर ते चरित्र होणार नाही, आरती होईल. एका बाजूला बॅ. खोब्रागडे, बी. सी. कांबळे यांच्यासारखी कायदा शिकलेली, इंग्रजीत सफाईने बोलणारी माणसे पक्षात होती. दुसऱ्या बाजूला दादासाहेब, धोतर नेसणारे, खेड्यातल्या माणसाच्या भाषेत बोलणारे. कांबळे यांच्या गटाचे म्हणणे असे की बाबासाहेबांचा मार्ग घटनेचा आणि कायद्याचा, मोर्चे आणि सत्याग्रह हा कम्युनिस्टांचा मार्ग, त्यात आपण पडू नये. दादासाहेबांचे म्हणणे असे की ज्याच्या पायाखाली वीतभर जमीन नाही त्याला घटनेतले हक्क वापरता येत नाहीत. तो सवर्णाच्या शेतावर मजुरीला जातो. उद्या त्याने विहिरीवर पाणी भरले तर परवा त्याला काम मिळत नाही. म्हणून आधी जमीन, आणि ती फक्त आपल्या जातीला नव्हे, तर सर्व भूमिहीनांना, त्यात भिल्ल आले, इतर गरीब आले. त्यासाठी डाव्या पक्षांशी हातमिळवणी करावी लागली तरी चालेल. धोतरवाले आणि पाटलोणवाले असा हा वाद त्या काळी थट्टेने ओळखला जाई. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे, आणि दोन्ही बाजूंना अर्थ आहे हे मला दिसते. तरी मला दादासाहेबांचे पटते. कदाचित माझ्या आजोबांमुळे पटत असेल.

1959 साली मराठवाडा, खानदेश, नाशिक या भागांत भूमिहीनांचा पहिला मोठा सत्याग्रह झाला. त्याच काळात देशात विनोबांची भूदान चळवळ चालू होती. ती 1951 पासूनची. तिच्यात जमीनदाराच्या मनाला हात घालून जमीन दान मागायची. दादासाहेबांनी दान मागितले नाही. सरकारची जी पडीक जमीन आहे, गायरान आहे, जंगलखात्याची मोकळी जमीन आहे, ती कसणाऱ्याला द्या, तो त्याचा हक्क आहे, अशी मागणी केली. कोणाच्या शेतात घुसायचे नाही, कोणाचे पीक तुडवायचे नाही. गायरानात नांगर घालायचा आणि पकडायला आले की शांतपणे गाडीत बसायचे.

यापेक्षाही मोठा लढा 1964 चा. दादासाहेब तोवर राज्यसभेत गेले होते. 1962 ते 1968 ते तेथे सदस्य होते. राज्यसभेतला सदस्य म्हणजे दिल्लीचा बंगला, पासावरचा प्रवास. साठी ओलांडलेल्या माणसाने तेवढ्यावर समाधान मानले असते तर कोणी काही म्हटले नसते. 1 ऑक्टोबर 1964 ला संसदेवर मोर्चा गेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमिनीचे भूमिहीनांना वाटप, धान्याच्या भावांवर नियंत्रण, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, अस्पृश्यताविरोधी कायद्याची अंमलबजावणी, बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र. आणि त्या यादीत एक मागणी अशी आहे की ती वाचताना मी थबकले. शहरांतल्या झोपडपट्टीवासीयांची स्थिती सुधारा. जमिनीसाठी भांडणाऱ्या या खेडुताला कळले होते की गावात जमीन मिळाली नाही तर ही माणसे कुठे जाणार आहेत.

समाधानकारक उत्तर आले नाही. 6 डिसेंबर 1964 ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्रात, उत्तर प्रदेशात, पंजाबात माणसे तुरुंगात जाऊ लागली. चळवळीच्या इतिहासात तीन लाखांहून अधिक सत्याग्रहींचा आकडा दिला जातो. नाशिक भागात दादासाहेबांच्या सहकारी शांताबाई दाणी यांनी बायकांना बाहेर काढले. शांताबाईंचे रात्रंदिन आम्हा हे आत्मचरित्र मुलींनी तरी जरूर वाचावे.

त्या तीन लाखांतले एक माझे आजोबा. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या गावचे अकरा जण होते. त्यांनी गायरानात चार तास नांगर फिरवला. नांगर आणि बैल एका मराठा शेतकऱ्याचे, त्याने ते न विचारता दिले, हे आजोबा दर वेळी आवर्जून सांगतात. मग पोलिस आले. अठरा दिवस तुरुंग. तुरुंगात जागा पुरेना, थंडी मरणाची, दोघांत एक घोंगडी. पण दोन वेळची भाकरी वेळेवर मिळत होती आणि अठरा दिवस कोणी हलके बोलले नाही, म्हणून कित्येकांना तेथून निघावेसे वाटत नव्हते, असे सांगून आजोबा हसतात. मला ते हसू ऐकवत नाही. दादासाहेबांना त्यांनी एकदाच जवळून पाहिले, सुटून आल्यानंतरच्या एका सभेत. आजोबा पहिल्या रांगेत बसले होते. भाषणातले त्यांना काही आठवत नाही. सभा संपल्यावर दादासाहेबांनी खाली उतरून प्रत्येकाला गावाचे नाव आणि गायरान किती एकर आहे ते विचारले, एवढे आठवते.

सत्याग्रह फेब्रुवारीपर्यंत चालला. सरकारने आश्वासने दिली. काही ठिकाणी पडीक जमिनींचे वाटप झालेही. पण नकाशावर जमीन देणे वेगळे आणि ताबा देणे वेगळे. आमच्या गावी वाटप झाले ते बऱ्याच वर्षांनी, आणि तेव्हा आजोबा गावात नव्हते. सातबाऱ्यावर त्यांचे नाव कधीच चढले नाही.

दादासाहेबांचा शेवटचा काळ वादाचा गेला. 1967 च्या सुमारास त्यांच्या गटाने काँग्रेसशी युती केली. ज्या सरकारविरुद्ध तीन लाख माणसे तुरुंगात गेली त्याच पक्षाबरोबर बसायचे, हे पुष्कळांना रुचले नाही. जिल्हा परिषदांत, पंचायतींत आपली माणसे गेल्याशिवाय जमिनीचे कागद हलणार नाहीत असा त्यांचा हिशेब असावा. हिशेब चुकला असे मला वाटते. मिळालेल्या जागा थोड्या, आणि पक्षाची धार गेली ती गेलीच. 1968 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 29 डिसेंबर 1971 रोजी ते वारले. सहा महिन्यांत मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि त्या तरुणांनी रिपब्लिकन पुढाऱ्यांवर कडक टीका केली. त्यात दादासाहेबांचे श्रेयही थोडे झाकले गेले असे माझे मत आहे. तरुणांचा राग खोटा नव्हता, पण रस्त्यावर उतरण्याची वाट कोणी मळून ठेवली होती हेही खरे.

त्यानंतरच्या दुष्काळात, 1972 ला, आजोबा आजीला घेऊन मुंबईला आले. नाक्यावर उभे राहून बिगारी काम करू लागले, आणि डोंगरावर पत्र्याची खोपटी घातली. ती जमीनही त्यांची नव्हती. झोपडी तीनदा तुटली. तीनदा त्यांनी ती त्याच जागी उभी केली. आजी म्हणायची की हे गायरानच आहे, फक्त पेरता येत नाही. आज त्या जागी आमची दहा बाय बाराची पक्की खोली आहे, फोटोपास आहे, आणि पुनर्विकास होणार असे मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे.

सनदेतल्या इतर मागण्यांचे काय झाले ते मी शोधून काढले. बाबासाहेबांचे तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले ते 12 एप्रिल 1990 ला. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या त्याही 1990 सालीच. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर जो रकाना मी दोन सेकंदांत भरते तो भरण्याचा हक्क मिळायला सव्वीस वर्षे लागली. जमिनीच्या मागणीचे मात्र उत्तर असे एका तारखेत देता येत नाही. 2004 मध्ये महाराष्ट्र सरकारने दादासाहेबांच्या नावाने एक योजना काढली. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची. सुरुवातीला निम्मे कर्ज आणि निम्मे अनुदान होते, 2018 पासून पूर्ण अनुदान झाले.

मागच्या दिवाळीच्या सुटीत मी या योजनेची माहिती आजोबांना वाचून दाखवली. नाव ऐकून ते उठून बसले. भिंतीवरच्या फोटोकडे पाहिले. मला ती सगळी पुन्हा, सावकाश वाचायला लावली. लाभार्थ्याचे वय 18 ते 60 या ओळीवर मी जरा अडखळले, पण वाचली. ते ऐंशीचे आहेत. त्यांना त्याचे काही वाटलेले दिसले नाही. त्यांनी एवढेच विचारले की सरकार जमीन विकत घेणार, पण गावात आपल्याला द्यायला म्हणून जमीन विकणार कोण? मला उत्तर देता आले नाही. मग त्यांनी चष्मा पुसून कागद माझ्या हातून घेतला, त्यावरचे दादासाहेबांचे नाव कुठे छापले आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितले, आणि घडी करून तो फोटोच्या मागे खोचून ठेवला.